आधी आत कोण आलं?

सर्कलवर दोन गाड्या एकमेकींना लागल्या की दोन्ही चालक एकच वाक्य बोलतात: "मी आधी आत आलो होतो." मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. नाशिकमध्ये हे काम करताना हे वाक्य मी वर्कशॉपच्या शेडमध्ये ऐकलं, पोलीस ठाण्याच्या बाकावर ऐकलं, क्लेम फॉर्मच्या रकान्यात तर कितीदा तरी वाचलं. बोलणारे बहुतेक वेळा खोटं बोलत नसतात. दोघांनाही मनापासून तसं वाटत असतं. सर्कलमध्ये शिरताना माणसाची नजर आपल्या बॉनेटपुढच्या मोकळ्या जागेवर असते. ती जागा दिसली की तो मनाने आत पोचलेला असतो. गाडी त्याच्या नंतर पोचते.

सिग्नलवरच्या अपघातात वाद निदान एका दिव्याभोवती फिरतो. लाल होता की हिरवा, एवढं ठरलं की पुष्कळसं ठरतं. सर्कलवर दिवा नसतो, थांबण्याची रेघ बहुतेक ठिकाणी पुसलेली असते आणि 'रस्ता द्या' सांगणारा उलटा त्रिकोण असलाच तर वाढदिवसाच्या फ्लेक्समागे झाकलेला असतो. म्हणून निवाडा जमलेली माणसं करतात. मोठ्या गाडीची चूक. ज्याची गाडी जास्त लागली त्याची चूक. बाहेरच्या जिल्ह्याचा नंबर असेल तर त्याची, आणि बाई चालवत असेल तर तिचीच. यातल्या एकाही गोष्टीचा चुकीशी संबंध नाही. तरी मांडवली याच हिशोबाने होते, हातावर दोन-पाच हजार ठेवले जातात आणि गाड्या निघून जातात. मला हे फार लागतं. झालेल्या गोष्टीचं खरं कारण तिथेच पुसलं जातं आणि दोन्ही चालक पुढच्या सर्कलमध्ये आधीसारखेच शिरतात.

नियम आहे, आणि तो जुना आहे. १९८९ च्या रस्ता नियमावलीत लिहिलं होतं की चौकात शिरताना, तो जाहीर केलेला मुख्य रस्ता असेल तर त्यावरच्या वाहनांना आणि नसेल तर उजव्या हाताने येणाऱ्या सगळ्यांना आधी जाऊ द्यायचं. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून आपलं सर्कल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतं. शिरणाऱ्याच्या उजवीकडून जो येतो तो आधीपासून सर्कलमध्ये फिरत असलेला असतो. २०१७ मध्ये केंद्र सरकारने वाहन चालवण्याचे नवे विनियम आणले. त्यांतही सर्कलमध्ये असलेल्या वाहनाचा हक्क पहिला आणि शिरणाऱ्याने थांबायचं, हेच आहे. ब्रिटनमध्ये हा नियम १९६६ च्या नोव्हेंबरात लागू झाला. त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. आत फिरणारा माणूस शिरणाऱ्यासाठी थांबला की त्याच्यामागचे थांबतात, त्यांच्यामागे आधीच्या रस्त्याचं तोंड बंद होतं आणि बघता बघता सर्कल सगळीकडून अडकतं. शिरणाऱ्याने थांबायचं ठरवलं तर आतलं चक्र रिकामं होत राहतं. संध्याकाळी नाशिकच्या मुंबई नाक्यावर उभं राहून पाहिलं, तर कोणी कोणासाठी थांबायचं ते ठरलेलं नसलं की काय होतं ते दिसतं.

त्यामुळे "मी आधी आत आलो होतो" हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, आत आलो म्हणजे कुठवर? सर्कलच्या कडेवर बंपर टेकवून उजवीकडच्याला ब्रेक मारायला लावला, तर ते आत येणं नाही. आधीपासून फिरत असलेला आणि एका क्षणापूर्वी नाक घातलेला हे दोघे नियमाच्या दृष्टीने सारखे नाहीत. ताशी चाळीस किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला अकरा मीटर पुढे जाते. आपल्याकडे रस्ते आखताना चालकाला धोका दिसण्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद धरतात, म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होईपर्यंत गाडी सत्तावीस-अठ्ठावीस मीटर पुढे गेलेली असते. शहरातल्या लहान सर्कलमध्ये दोन रस्त्यांमधलं अंतर पुष्कळदा तेवढंही नसतं. समोर अचानक नाक आलं तर फिरणाऱ्याच्या हातात करण्यासारखं काही उरत नाही. म्हणून जबाबदारी शिरणाऱ्यावर टाकलेली आहे, आणि ते मला न्याय्य वाटतं.

एका शिक्षिकेची पांढरी हॅचबॅक पाहायला मला बोलावलं होतं. पावसाळ्यातली संध्याकाळ, शाळा सुटल्यानंतरची वेळ. गंगापूर रोडकडच्या एका सर्कलमध्ये त्या फिरत आल्या होत्या आणि पुढच्या रस्त्याने बाहेर पडणार होत्या. त्याच्या लगेच अलीकडच्या रस्त्याने एक करडी एसयूव्ही आत शिरली. हॅचबॅकची डावी बाजू पुढच्या दाराच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या कमानीपर्यंत चेपली होती. एसयूव्हीला, बाईंच्या सांगण्यानुसार, नुसता बंपर लागला होता. जमलेल्यांनी निकाल तिथेच दिला: त्या गाडीला काही झालं नाही, तुमचीच एवढी लागली, म्हणजे तुम्हीच मध्ये घातलीत.

बाईंनी मला पहिल्याच भेटीत विचारलं, "सर, घरीही सगळे हेच म्हणतायत. गाडी माझी जास्त लागली म्हणजे चूक माझी असते का?"

मी त्यांना दाराची उघडी कड दाखवली. दाराचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. आत एक आडवा बार असतो, बाकी काच आणि ती खालीवर करणारी यंत्रणा. गाडीच्या पुढच्या बाजूला बंपर, त्यामागे बीम आणि त्यामागे चॅसिसचे दोन मजबूत दांडे. पुढची बाजू दारावर आपटली की दार जातंच, चूक कोणाचीही असो. पत्र्याला किती खर्च आला यावरून फार तर पत्रा किती मऊ होता ते कळेल.

खरं सांगणाऱ्या खुणा वेगळ्या असतात. दारावरचा ओरखडा मी नेहमी बोटाने आणि भिंगाने पाहतो. घासत गेलेला रंग एका टोकाला सोललेला असतो आणि दुसऱ्या टोकाला त्याच्या बारीक गुठळ्या जमलेल्या असतात. गुठळ्यांचं टोक म्हणजे घासणं जिथे संपलं ते. बाईंच्या दारावर ओरखडा पुढून मागे गेला होता आणि गुठळ्या मागच्या कमानीजवळ होत्या. म्हणजे ती गाडी पुढे चाललेली होती आणि तिच्या बाजूवर दुसरी गाडी टेकली. गाडी उभी असती तर एका जागी खोल खड्डा पडला असता, एवढी लांब रेघ ओढली गेली नसती. पहिला स्पर्श पुढच्या दाराच्या मध्यावर, म्हणजे स्पर्शाच्या वेळी त्यांच्या गाडीचं नाक एसयूव्हीच्या समोरून पुढे निघून गेलेलं होतं. त्या नंतर येऊन आदळल्या असत्या तर मार त्यांच्या पुढच्या कोपऱ्यावर आणि एसयूव्हीच्या उजव्या फेंडरवर किंवा दारावर असता.

एवढ्यावर मी रिपोर्ट लिहू शकलो असतो. पण एका गाडीवरून काढलेला निष्कर्ष म्हणजे एकाच बाजूची साक्ष. दुसरी गाडी दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या वर्कशॉपमध्ये. आमच्या कामात ती पाहण्याची सक्ती नसते आणि बरेच जण पाहत नाहीत. मी फोन करून परवानगी मागितली. गाडीचा मालक स्वतः तिथे होता, पंचविशीचा मुलगा, नुकता नोकरीला लागलेला.

त्याचा बंपर उजव्या कोपऱ्यात फाटला होता आणि उजवीकडच्या क्लिपा तुटून सगळा बंपर डावीकडे ओढला गेला होता. म्हणजे त्याच्या पुढून जे गेलं ते उजवीकडून डावीकडे गेलं, जसं सर्कलमध्ये फिरणारं वाहन जातं. मी टेप काढून जमिनीपासून फाटलेल्या जागेची उंची मोजली. बाईंच्या दारावरच्या खुणेची उंची माझ्या वहीत होती. दोन्ही जवळजवळ सारख्या निघाल्या. जोरात ब्रेक मारला की गाडीचं नाक खाली दबतं आणि खूण बंपरच्या नेहमीच्या उंचीपेक्षा खाली पडते. इथे ती खाली नव्हती. गाडीत किती माणसं होती, मागे सामान होतं का, हेही मी विचारलं, कारण ओझ्यानेही उंची बदलते. तो एकटाच होता. ब्रेक लागण्याआधीच टक्कर झाली होती. त्याने समोरची गाडी पाहिलीच नव्हती.

"तुम्हाला कुठे जायचं होतं?" मी विचारलं.

"लेफ्टच घ्यायचा होता, साहेब. पहिल्याच रस्त्याला. मला सर्कलमध्ये जायचंच नव्हतं."

सर्कलवर ज्यांना डावीकडच्या पहिल्या रस्त्याने निघायचं असतं, त्यांच्या मनात तो फ्री लेफ्ट असतो. ते उजवीकडे बघतच नाहीत. त्यांची नजर डावीकडे असते. त्या दिवशी तिथे एक रिक्षा प्रवासी घ्यायला थांबली होती, म्हणून याचं सगळं लक्ष तिच्यावर होतं. आणि उजवीकडून येणाऱ्या बाईही त्याच रस्त्याने बाहेर पडायला डावीकडे सरकत होत्या. दोघांनाही एकाच दारातून बाहेर जायचं होतं. बाईंनी डावा इंडिकेटर दिला होता असं त्या म्हणाल्या, हा म्हणाला दिला नव्हता. पत्र्यावरून इंडिकेटर कळत नाही. दिला नसेल तर थोडा वाटा त्यांचाही, पण उजवीकडे न पाहता शिरण्याची चूक त्याने कमी होत नाही. मी रिपोर्टमध्ये दोन्ही लिहिलं: काय दिसतं आणि काय तपासता येत नाही.

मुलगा बराच वेळ बंपरकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "पण साहेब, चूक माझी असं आलं तर माझा क्लेम जाईल ना?"

या प्रश्नात सर्कलवरच्या निम्म्या भांडणांचं मूळ आहे. लोकांना मनापासून वाटतं की चूक कबूल केली तर विमा बुडतो. म्हणून क्लेम फॉर्मवर 'समोरच्या वाहनाने धडक दिली' असं छापील वाक्य लिहिलं जातं. पुष्कळदा ते वर्कशॉपचा माणूसच लिहून देतो आणि मालक फक्त सही करतो. वस्तुस्थिती अशी आहे की तुमच्याकडे स्वतःच्या नुकसानीचा विमा, म्हणजे ओन डॅमेज कव्हर असेल, तर साध्या निष्काळजीपणामुळे झालेल्या अपघाताचीही भरपाई मिळते. विमा त्यासाठीच असतो. दारू पिऊन चालवलं, लायसन नव्हतं, खासगी गाडी भाड्याने फिरवली, अशा गोष्टींनी क्लेम अडचणीत येतो. आणि खोट्या माहितीने येतो. ज्याने खरं लिहिलं असतं तर पैसे मिळाले असते, तो खोटं लिहून स्वतःचा क्लेम धोक्यात घालतो. मी त्याला सांगितलं, जसं झालं तसं लिहा, तुमच्या शब्दांत लिहा. त्याने नवा फॉर्म मागितला.

बाईंचा प्रश्न मात्र सोपा नव्हता. त्यांना सलग चार वर्षं क्लेम न घेतल्याचा ४५ टक्के नो क्लेम बोनस होता. क्लेम घेतला की तो शून्यावर येतो, चूक कोणाचीही असो. बोनस क्लेम न घेतल्याबद्दल असतो, चूक नसल्याबद्दल नसतो. शिवाय विमा कंपन्यांनी आपसात जुना समझोता केलेला आहे: दोन विमाधारक गाड्या एकमेकींना लागल्या तर प्रत्येक कंपनी आपल्या ग्राहकाच्या गाडीचं पाहते आणि दुसरीकडे मागायला जात नाही. कंपन्यांचा खर्च आणि वेळ वाचतो, ग्राहकाची गाडी लवकर दुरुस्त होते. या व्यवस्थेत चूक कोणाची हे ठरवण्याची कोणाला गरजच उरत नाही.

"म्हणजे चूक त्याची, आणि बोनस माझा गेला?" बाई म्हणाल्या.

एक मार्ग होता. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसानही थर्ड पार्टी विम्यात येतं, खासगी गाडीच्या पॉलिसीत साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत. त्यासाठी समोरच्या चालकाविरुद्ध पोलिसांत नोंद हवी आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायला हवं. दोन दारांसाठी तारखा घेत बसायला कोणी तयार होत नाही. त्याही झाल्या नाहीत. त्यांनी शेवटी एकच विचारलं, "माझी चूक नव्हती हे कुठे तरी लिहिलं जाईल का?" आमच्या रिपोर्टात 'अपघाताचं कारण आणि स्वरूप' असा एक रकाना असतो. बहुतेक रिपोर्टांत तिथे फॉर्मवरचं वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं असतं. मी तिथे मोजमापांसह सविस्तर लिहिलं आणि कंपनीकडून रिपोर्टाची प्रत कशी मागायची ते त्यांना सांगितलं. तो रकाना भरताना मला नेहमी वाटतं की पैशाच्या आकड्याइतकंच त्यावर माणसाचं काही अवलंबून असतं.

दोन रांगांच्या सर्कलमधला प्रकार वेगळा. तिथे आतल्या रांगेतून थेट बाहेर पडायला बघणारा बाहेरच्या रांगेतल्याला कापतो. खुणा लगेच कळतात: आतल्याची डावी बाजू आणि बाहेरच्याचा उजवा पुढचा कोपरा. इथे दोघेही आधीपासून आत असतात, म्हणून उजवीकडच्याचा नियम लावता येत नाही. रांग बदलणाऱ्याने आधी पाहायचं, हा लागतो. रांगांचे पट्टे पुसलेले असले की यात पुष्कळदा दोघांचा वाटा धरावा लागतो.

चूक वाटून घेण्याची गोष्ट मला सगळ्यात स्पष्ट कळली ती एका टेम्पोच्या प्रकरणात. मी टेम्पोचा सर्व्हे केला होता आणि नंतर न्यायाधिकरणात साक्षीला गेलो होतो. एक तरुण दुचाकीवर धाकट्या बहिणीला मागे बसवून चालला होता. त्याला सर्कलला आलेल्या रस्त्यापासून उजवीकडच्या रस्त्याला जायचं होतं. तीन चतुर्थांश वळसा घालण्याऐवजी तो उलट्या दिशेने, कडेने गेला. त्या उजवीकडच्या रस्त्याने टेम्पो आत येत होता. चालकाने नियमाप्रमाणे उजवीकडे पाहिलं, मोकळं दिसलं, आणि वेग न कमी करता आत आला. दुचाकी त्याच्या डावीकडून आली. मुलीच्या पायाची हाडं मोडली, भावाचा खांदा निखळला.

लोकांनी टेम्पोचालकाला मारलं. पोलिसांनी त्याच्यावर भरधाव आणि बेदरकार चालवल्याचा गुन्हा नोंदवला. मोठी गाडी, मोडलेला पाय, आणखी काय पाहायचं? पण टेम्पोचा डावा हेडलाइट फुटला होता आणि दुचाकीची उजवी बाजू चेपली होती. सर्कलमध्ये योग्य दिशेने फिरणाऱ्या दुचाकीची डावी बाजू शिरणाऱ्या गाड्यांकडे असते. उजवी बाजू समोर आली याचा अर्थ ती उलट येत होती. घटनास्थळ पंचनाम्यात काचांचे तुकडे कुठे पडले ते हवालदाराने काळजीपूर्वक लिहिलं होतं, दोन्ही कडांपासूनचं अंतर पावलांत मोजून. त्या पंचनाम्यानेही हेच सांगितलं. पंचनामा लिहिणाऱ्याला त्या दिवशी आणखी दहा कामं असतील, तरी त्याने जे मोजलं त्यावर पुढे दोन घरांचा हिशोब ठरला.

न्यायाधिकरणाने दोघांना जबाबदार धरलं, दुचाकीस्वाराला जास्त. उलट्या दिशेने जाणं ही त्याची चूक मोठी. पण टेम्पोचालकाने शिरताना वेग कमी केला असता तर त्याला थांबता आलं असतं, म्हणून त्याचाही भाग धरला. फौजदारी खटल्यात वाजवी संशयाच्या पलीकडचा पुरावा लागतो. न्यायाधिकरणात कोणती गोष्ट घडल्याचा संभव अधिक, एवढं पाहतात. भावाची भरपाई त्याच्या चुकीच्या प्रमाणात कमी झाली.

बहिणीची झाली नाही. ती मागे बसलेली, तिची चूक काहीच नव्हती. तिच्यासाठी भाऊ आणि टेम्पोचालक हे दोघे मिळून तिला इजा करणारे ठरतात, आणि अशा वेळी जखमी माणूस सगळी भरपाई दोघांपैकी कोणा एकाकडून मागू शकतो. त्यांचा आपसातला वाटा त्यांनी नंतर पाहावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेन्येई खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. कायद्याच्या ज्या गोष्टींबद्दल मला मनापासून आदर आहे त्यांत ही एक. मोडलेल्या पायाच्या मुलीला भावाविरुद्ध बोट दाखवत बसावं लागलं नाही.

अलीकडे डॅशकॅममुळे काम सोपं झालं असं लोक म्हणतात. झालं आहे, पण चित्र पाहतानाही मोजावं लागतं. डॅशकॅमचं भिंग रुंद कोनाचं असतं, त्यात समोरची गाडी असते त्यापेक्षा लांब दिसते. त्यामुळे "एवढं अंतर असून याने ब्रेक मारला नाही" असं पाहणाऱ्याला वाटतं आणि फिरणाऱ्यावर अन्याय होतो. मी रस्त्यावरच्या ठरलेल्या खुणांवरून, खांबावरून, दुभाजकाच्या टोकावरून अंतर काढतो. आजूबाजूच्या दुकानांचे कॅमेरेही उपयोगाचे, पण त्यांचं चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं. आठवड्याने गेलं तर हाती काही लागत नाही.

रस्त्याचाही वाटा असतो, आणि तो कोणत्याच रिपोर्टात येत नाही. सर्कल कसं आखावं याची भारतीय रस्ते काँग्रेसची मार्गदर्शक तत्त्वं १९७६ पासून आहेत, २०१७ मध्ये ती नव्याने निघाली. शिरणारा रस्ता असा वळवायचा की गाडी आपोआप हळू व्हावी आणि चालकाला उजवीकडचं स्पष्ट दिसावं, हा त्यातला गाभा. आपल्याकडे रस्ता रुंद केला की सर्कल कापून लहान करतात, शिरणारा सरळ रेषेत आत येतो आणि उजव्या कोपऱ्यावर होर्डिंग उभं राहतं. असं झाल्यावर नियम पाळायची इच्छा असलेल्यालाही उजवीकडचं दिसत नाही. माझ्या मते नगरपालिकांनी दुसरं काही केलं नाही, तरी शिरण्याच्या जागी तुटक पांढरी रेघ आणि उलटा त्रिकोण, एवढं प्रत्येक सर्कलवर ठेवायलाच हवं. रंगाचा खर्च दोन दारांच्या दुरुस्तीहून जास्त नाही.

वाचकहो, तुमच्यावर कधी अशी वेळ आली तर आधी माणसं पाहा. कोणी जखमी असेल तर त्याला दवाखान्यात पोचवणं हे चालकाचं कायद्याने ठरलेलं कर्तव्य आहे, आणि पोलिसांना चोवीस तासांच्या आत कळवणंही. कोणाला लागलं नसेल तर गाड्या बाजूला घेण्याआधी दोन मिनिटं घ्या. चारही बाजूंनी फोटो काढा, दोन्ही गाड्यांची चाकं कुठे वळलेली आहेत, काच कुठे पडली आहे, सर्कलची कड कुठे आहे, हे एका चित्रात येऊ द्या. मग वाहतूक मोकळी करा. रस्त्यावर कोणी कागद पुढे केला आणि 'चूक माझी' असं लिहून सही मागितली, तर करू नका. विमा पॉलिसीत अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्या पक्षाला जबाबदारी कबूल करायची नाही की पैसे द्यायचे नाहीत. मात्र स्वतःच्या कंपनीला जे सांगाल ते खरं सांगा. क्लेम फॉर्म वर्कशॉपच्या माणसाकडून भरून घेऊ नका, स्वतः भरा. तुम्ही उजवीकडे पाहिलं नसेल तर तसं लिहा, त्याने तुमचे पैसे जात नाहीत.